दोनशे चाळीस सेकंद

एरंडवण्यातल्या आमच्या कॉलेजच्या तळघरात
काचेचं उभं नळकांडं, पंधरा सेंटिमीटर पाणी,
पंचवीस अंश. थर्मामीटर दोनदा बघायचा,
मग उंदीर सोडायचा.
सहा मिनिटं.
पहिली दोन मोजत नाहीत, तेव्हा सगळेच पोहतात.
उरलेले दोनशे चाळीस सेकंद माझे.
तो थांबला की घड्याळ चालू,
हलला की बंद.
जितका निश्चल, तितका खचलेला,
असं कार्यपद्धतीच्या प्रकरणात लिहिलंय.
मीच लिहिलंय.

पर्सच्या आतल्या कप्प्यात माझी स्वतःची पट्टी.
दहा मिलिग्रॅम, रात्री जेवणानंतर.
उंदरांना तेच औषध, वजनाच्या हिशेबाने.
हे तळघरात कुणाला माहीत नाही.

डॉक्टर कुर्लेकरांनी चिठ्ठीमागे चित्र काढलं होतं:
दोन पेशी, मधे फट, फटीत ठिपके.
"हे सेरोटोनिन. तुझे ठिपके कमी पडतायत."
काय हलकं वाटलं होतं!
म्हणजे मी आळशी नव्हते, नाटकी नव्हते,
आठ महिने केस न विंचरता गादीवर पडलेली ती
नुसती ठिपक्यांची टंचाई होती.

आईनं ते लोह आणि बी-बारा यांच्या रांगेत बसवलं.
"कशात असतं गं? पालकात?"
केळ्यात असतं, म्हटलं,
पण ते मेंदूच्या उंबऱ्याशी अडतं. आत घेत नाहीत.
तरी रोज कोथरूड डेपोसमोरच्या गाडीवरून अर्धा डझन.
"उंबऱ्यापर्यंत तरी जाऊ दे."

पुढे वाचत गेले तसं चित्र पुसट होत गेलं.
खचलेल्यांत ठिपके कमीच असतात
हे कुणाला धड दाखवता आलेलं नाही.
शरीरातले बहुतेक तर आतड्यात राहतात.
आणि गोळी फटीतले ठिपके वाढवते काही तासांत,
माणूस उठतो काही आठवड्यांनी.
मधल्या दिवसांत आत काय चाललेलं असतं?
कुणी म्हणतं, पेशींना नव्या फांद्या फुटतात.
कुणी म्हणतं, बघू.
इनामदार बाई चष्मा पुसत म्हणतात,
"बऱ्याच जणांना गुण येतो, हे माहीत आहे.
का येतो, ते 'पुढील संशोधनास वाव' मध्ये टाक."

माझा चौथा आठवडा, मंगळवार.
नळस्टॉपच्या सिग्नलला, मेट्रोच्या पुलाखाली
रिक्षात तळलेल्या मिरचीचा वास आला.
वास आधीही येत असतील.
हा हवासा वाटला.
रिक्षावाल्याला म्हटलं, थांबा जरा.
वडापाव खाल्ला. उभ्यानं. मिरचीसकट.

गोळीनं? दिवस गेले म्हणून? आईच्या केळ्यांनी?
माझ्या प्रयोगात तुलनेचा गट नव्हता.
मी एकटीच होते.
गोळी घेतेच. का, ते कळेपर्यंत
थांबून चालत नाही.

काल चौदा नंबर. शेपटीवर जांभळी खूण.
औषधाचा की नुसत्या मिठाच्या पाण्याचा,
ते बाईंच्या कपाटात, कुलपात.
तिसऱ्या मिनिटाला थांबला.
"हा गेला खचून," मी म्हटलं, घड्याळ चालू केलं.
गादेकर मामा पिंजरे धूत होते, तिथनंच म्हणाले,
"खचला कुठं ताई?
हातपाय नाय मारले तरी बुडत नाय, हे कळलंय त्याला.
नाक बघा की."

नाक वर होतं.
मिशांची टोकं हलत होती, इतकी बारीक
की हलणं म्हणावं का, याला आमच्याकडे नियम नाही.
अंगठा घड्याळावर तसाच राहिला.

मग मामांनी त्याला पंचात घेतलं.
मामांना गट ठाऊक नसतात.
सगळ्यांना पंचा तोच, सुरुवात कानामागून,
नंतर पोट, मग पिवळ्या बल्बखाली चिंध्यांत ठेवायचा,
थरथर थांबेपर्यंत हाताची ओंजळ वरून.
हे कार्यपद्धतीत नाही.

वहीत लिहिलं: चौदा, एकशे एकतीस सेकंद.
शेऱ्याचा रकाना सहसा कोराच असतो.
पेन्सिलीनं लिहिलं, खोडता येईल असं:
नाक वर.